लाल दोऱ्याची पळी

पुण्याहून पहाटेच्या एसटीने निघाले तेव्हा माझ्या पिशवीत एकवीस पानांचा निबंध होता आणि आठ पानांचा उपदेश. निबंध बायबलच्या जुन्या करारातील, ज्यू लोकांच्या आहारनियमांवर होता. मांस आणि दूध एकत्र शिजवू नये, या एका नियमावर त्यातली अकरा पाने खर्ची पडली होती. उपदेश नम्रतेवर होता. येत्या रविवारी आमच्या गावच्या चर्चमध्ये, वडील पहिल्या बाकावर बसलेले असताना, मी आयुष्यातला पहिला उपदेश करणार होते. मी ईशज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि खरे सांगायचे तर दोन्ही लिखाणांवर मी बेहद्द खूश होते.

आमचे हिब्रूचे सर मात्र नव्हते. निबंधाच्या शेवटी गुणांच्या जागी त्यांनी पेन्सिलीने एवढेच लिहिले होते, ‘या माणसांच्या घरी कधी जेवली आहेस का?’ आणि खाली पेणमधला एक पत्ता.

घाट उतरला तशी हवा जड आणि मऊ झाली. फेब्रुवारीची सकाळ होती. पेणच्या स्थानकावर उतरताच दोन वास एकदम आले. जवळच कुठेतरी पोह्यांच्या गिरणीत भात भाजला जात होता, त्याचा खरपूस वास. आणि धरमतरच्या खाडीवरून येणारा, ओलसर खारा. पत्ता शोधत गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंना गणपतींचे कारखाने लागले. पांढऱ्याशुभ्र मूर्ती ओळीने वाळत होत्या, रंग न चढलेल्या, डोळे न उघडलेल्या. एका दारात एक बाई मूर्तीच्या आसनाची मागची बाजू रंगवत बसल्या होत्या, जी बाजू कुणी कधी पाहत नाही. डोळे तुम्हीच काढता का, असे मी विचारले. त्यांनी मान वर न करता सांगितले की डोळे सासरे काढतात. त्या लग्न होऊन आल्यापासून मागच्या बाजू आणि पितांबरच रंगवत आहेत. किती वर्षे, असे विचारले तर म्हणाल्या, “मोजायचं काय त्यात? रंग वाळेपर्यंत दुसरा घ्यायचा.”

पत्ता सॅम्युएलकाकांचा होता; सरांनी आधीच कळवले असल्याने ते ओटीवर माझी वाट पाहत बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. एके काळी या भागात गावोगाव त्यांच्या लोकांचे तेलाचे घाणे होते; शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आता बहुतेक घरे इस्रायलला गेली. पेणमध्ये काका उरले आहेत, आणि तिकडे रोह्यात त्यांची मोठी बहीण, मिलकाबाई.

चहा होईपर्यंत काकांनी एक स्टीलचा डबा माझ्यापुढे ठेवला. त्यात दोन कोंबड्या होत्या. त्यांनी त्या पहाटे स्वतः, त्यांच्या धर्मात सांगितल्याप्रमाणे, प्रार्थना म्हणून एका सुरीने कापल्या होत्या. मीठ लावून, तीनदा धुऊन, बर्फात ठेवल्या होत्या. रोह्याला आज मलिदा होता. मलिदा म्हणजे गोड पोहे, नारळ आणि पाच फळे यांचे ताट. नवस फेडताना एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने ते मांडतात. मिलकाबाईंच्या नातीला तिकडे इस्रायलमध्ये मुलगी झाली होती. प्रार्थनेनंतर कोंबडीचे जेवण.

“दुकानातली कोंबडी ती खात नाय,” काका म्हणाले. “मी कापलेलीच. नि माझे गुडघे गेले, त्यामुळे दीड वर्षात तिच्या तोंडाला मटण नाय, कोंबडी नाय. चहात पाव बुडवून खाते आणि फोनवर मला सांगते, पोट भरलं.”

मग त्यांनी उजवा हात पुढे धरला. बोटे हलकेच थरथरत होती, वाऱ्याने पान हलावे तशी.

“सुरीला हात स्थिर लागतो. नायतर ते चालत नाय. आज पहाटे थांबला, म्हणून कापल्या. परत थांबेल का, ते कुणी सांगावं?” डबा माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, “मांडीवर ठेव, बाय. खाली ठेवू नको.”

रोह्याच्या गाडीत मी खिडकीशी बसले, मांडीवर तो गार डबा. गडबच्या बाजूला भाताची खाचरे कापून झालेली, त्यांत वालाचे हिरवे पट्टे उगवलेले. दूर डोंगर धुरकट निळे. समोरच्या बाईंनी डब्यात आइस्क्रीम आहे का, असे विचारले. मी त्यांना सगळे सांगितले, सुरीपासून मिठापर्यंत, आणि मग मांस व दुधाच्या नियमाचा उगम, त्यावरची तीन मते, त्यांतले माझे मत. नागोठणे येण्याआधीच त्यांचा डोळा लागला होता.

मिलकाबाईंचे घर कुंडलिकेच्या काठाजवळ, दोन माडांच्या (नारळाच्या झाडांच्या) सावलीत आहे. त्या उंचीने माझ्या खांद्याएवढ्या. पांढऱ्या केसांचा इवलासा अंबाडा, नऊवारी. दाराच्या चौकटीवर प्रार्थनेची लहानशी नळी तिरपी ठोकलेली होती. तिला बोट लावून त्यांनी बोटाचे चुंबन घेतले, डब्याचे झाकण उघडले आणि नुसता वास घेतला. त्यांचा चेहरा उजळत गेला. भाऊ कसा आहे, हे त्यांनी त्यानंतर विचारले.

स्वयंपाकघरात दुधाच्या भांड्यांची फळी वेगळी होती आणि मटणाच्या भांड्यांची वेगळी. पळ्या मात्र एकाच खिळ्यांच्या पट्टीवर टांगलेल्या होत्या. काहींच्या दांड्याला लाल दोरा गुंडाळलेला होता, काहींना नव्हता.

“हे बघ हां पोरी, लाल दोरा हाय ना, ती...”

“मला माहीत आहे, मावशी,” मी म्हणाले. “मी यावर निबंध लिहिला आहे.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. “अगो बाय, मग काय प्रश्नच नाय,” म्हणाल्या, आणि रस्सा माझ्यावर सोपवून मलिद्याचा नारळ घेऊन मागच्या पडवीत गेल्या.

पुढचा तासभर मी त्या घरात फार सुखात होते. कोथिंबीर, मिरची, आले यांचे हिरवे वाटण पातेल्यात पडले, त्यावर कोंबडी, त्यावर नारळाचे दाट दूध. पडवीतून खवणीचा आवाज येत होता, खर्र खर्र, एका लयीत. ओट्यावर माझ्या चहासाठी तापवलेल्या दुधाचे भांडे होते आणि शेजारी त्यातली पळी. एकाएकी रस्सा खाली लागल्याचा वास आला. मी धावले, हाताला आली ती पळी उचलली आणि तळापासून रस्सा ढवळला. एकदा, दोनदा, तीनदा. मग पळी वर आली. तिच्या दांड्याला लाल दोरा होता. लाल म्हणजे मांस, हे मी मनाशी केव्हाच ठरवून टाकले होते. रक्ताचा रंग, किती उघड. पण पळीच्या मानेशी सायीचा एक पांढरा धागा अजून चिकटलेला होता, आणि दुसरा टोकापासून सुटून हिरव्या रश्शात विरघळत होता.

खवणी चालूच होती. कुणीही पाहिलेले नव्हते.

मी तिथे उभी राहिले. तो क्षण मला आजही तसाच ऐकू येतो, रटरट आणि खर्र खर्र. माझे सगळे शिक्षण त्या वेळी माझ्या मदतीला धावून आले. सायीचा एवढासा तुकडा. एवढ्या रश्शात तो कितीसा? मूळ नियम बकरीचे पिलू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये असा आहे, कोंबडी अंड्यातून येते, तिच्या आईला कसले दूध? अकराव्या पानावर मीच लिहिले होते की या नियमाचा आत्मा करुणा आहे. आणि दीड वर्ष उपाशी ठेवलेल्या जिभेवर करुणा करायची तर गप्प बसणेच योग्य नव्हे का? एकेक मुद्दा इतका चोख होता की परीक्षेत गुण मिळाले असते. माझे सगळे ज्ञान गप्प राहण्याच्या बाजूने उभे होते. दुसऱ्या बाजूला फक्त त्या पडवीत बसलेल्या होत्या, पाठमोऱ्या, खवणीवर वाकलेल्या, आणि मी शिजवलेले त्या विश्वासाने खाणार होत्या.

मी पळी हातात घेऊनच पडवीत गेले आणि सांगितले.

खवणी थांबली. मिलकाबाईंनी पळीकडे पाहिले. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी पदराने हात पुसले, आत जाऊन गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवले, आणि त्या झाकणावर थोडा वेळ हात तसाच राहू दिला.

“आमची आय सांगायची, असं झालेलं आपण खायचं नाय, नि दुसऱ्याच्या ताटात पण वाढायचं नाय,” त्या म्हणाल्या. “कुदळ मागे हाय.”

माडाच्या बुंध्याजवळ मी खड्डा खणला. नदीकाठची माती वर मऊ आणि खाली गोट्यांची होती; हातांना फोड आले. काकांचा त्या पहाटेचा स्थिर हात मी त्यात ओतत होते असे मला वाटले, आणि डोळ्यांतून पाणी येऊ लागले. कुंपणापलीकडे शेजारच्या हौसाबाई येऊन उभ्या राहिल्या. त्या मासळी विकतात. संध्याकाळच्या जेवणाला त्यांनाच बोलावले होते.

“काय पुरते गो ती?” त्यांनी विचारले.

“निबंध,” मिलकाबाई पायरीवरून म्हणाल्या. “एकवीस पानांचा हाय. खोल लागेल खड्डा.”

आणि त्या हसल्या. आधी त्या, मग हौसाबाई, आणि मग, नाक पुसत, मीही.

हकीकत कळल्यावर हौसाबाई घरी गेल्या आणि अर्ध्या तासाने केळीच्या पानात जिताडा (खाडीतला मोठा मासा) घेऊन आल्या. मिलकाबाईंनी सवयीने विचारले, खवले आहेत ना? कारण त्यांच्यात बिनखवल्याचा मासा चालत नाही.

“तीस वर्सं शेजारी हाय तुझी,” हौसाबाई म्हणाल्या. “बिनखवल्याचं आणलंय व्हय कधी?” मग माझ्याकडे वळून, “नि लाल दोरा दुधाचा. माझा नातू पण सांगेल तुला.”

दिवे लागायच्या वेळेला ताट मांडले. पेणचे पोहे, गूळ-खोबऱ्यात भिजलेले, वेलचीचा वास. भोवती केळे, चिकू, खजूर, संत्रे, सफरचंद. हिब्रू आशीर्वाद वाचायची वेळ येईल म्हणून मी पुण्याहून तयारी करून आले होते. कुणी मला वाचायला सांगितले नाही. मिलकाबाईंना सगळे पाठ होते. झाडाच्या फळासाठी, जमिनीच्या फळासाठी, सुवासासाठी, एकेक वस्तू उचलून त्या म्हणत गेल्या, हिब्रूला आमच्या मराठीचा हेल देऊन. मधेच थांबून मला म्हणाल्या, “तू आमेन म्हण. ते तुमचं नि आमचं एकच हाय.”

आमेन हा शब्द मी लहानपणापासून म्हणत आले आहे, बहुतेक वेळा पुढच्या वाक्याकडे पळताना. त्या संध्याकाळी माझ्याकडे दुसरे वाक्यच नव्हते. दुसऱ्याची प्रार्थना पूर्ण ऐकायची, ती संपली की हो म्हणायचे, एवढेच काम होते. जिताड्याच्या रश्शात नारळाचे दूध होते आणि आमसुलाची आंबट धार. मिलकाबाईंनी दोनदा भात घेतला. पण कोंबडीचे पातेले उकळत्या पाण्याने घासून पालथे घातले होते, आणि जेवताना त्यांची नजर एकदा तिकडे गेली, हे मी पाहिले.

सकाळी निघताना त्यांनी काकांच्या डब्यात मलिदा आणि माशाचे दोन तुकडे भरून दिले. म्हणाल्या, “त्याला सांगू नको. कोंबडी झकास झाली म्हण. त्याच्या हाताचं दुःख त्याला पुरे हाय.”

परतीच्या गाडीत तो डबा मांडीवर घेऊन मी काकांना काय सांगायचे याचाच विचार करत राहिले. खोटे बोलायचे नव्हते. मिलकाबाईंचा शब्दही मोडायचा नव्हता. पेण आले तरी निर्णय झालेला नव्हता. काकांनी मात्र मला त्रासातून सोडवले. त्यांनी झाकण उघडले, वास घेतला, अगदी बहिणीसारखा, आणि विचारले, “कोंबडीचा जिताडा कसा काय झाला?”

मग मी सगळे सांगितले. पळी, साय, माड, आणि “मला माहीत आहे” हे वाक्यही. ओटीवर ऊन पायरीपर्यंत आले होते. कारखान्यातून कुणीतरी मूर्ती घासत असल्याचा बारीक आवाज येत होता.

“म्हणजे तिने खाल्ली नाय अजून,” काका म्हणाले, आणि उजवा हात पुढे धरला. आम्ही दोघेही त्या हाताकडे पाहत राहिलो. बोटे थरथरत होती. “आज नाय. पण थांबतो कधी कधी. थांबला की तुला फोन करीन. डबा न्यायला येशील?”

येईन, मी म्हणाले.

रविवारी आठ पाने मी घरीच ठेवली. व्यासपीठावरून रोह्याची गोष्ट सांगितली, जशी घडली तशी. सहा मिनिटांत संपली. वडिलांनी घड्याळ पाहिले आणि मग मान खाली घातली, ती रागाने की प्रार्थनेसाठी, ते मी विचारले नाही. बाहेर आल्यावर बायकांनी मला घेरले. नम्रतेविषयी कुणी काही बोलले नाही. त्यांना एवढेच हवे होते की त्या मावशींनी शेवटी कोंबडी खाल्ली का.

अजून नाही, मी म्हणाले. फोन मी तेव्हापासून उशाशी ठेवते.