इनारा तोंड उघडेना

शेजारची मेक सोम गल्लीच्या टोकाला असली तरी आम्हाला कळतं. वास आधी येतो. चाळीस वर्षं ती बारीक मासळी मिठात मुरवून 'बुडू' हे तोंडीलावणं करते आणि आमच्या तुंपात गावभर विकते. कुणी नाक मुरडलं की म्हणते, "वास आला म्हणूनच तर आलास ना?" मी समोर राहते, म्हणून मला बुडूही फुकट आणि टोमणेही.

ईदला तिचा मुलगा रुस्दी क्वालालंपूरहून आला, बायको नुरैन आणि दीड वर्षाच्या इनाराला घेऊन. पोरीसाठी घेतलेली नुरैनची लांब रजा संपत आली होती. आता पोरीला पाळणाघरात घालायचं, नाहीतर आजीकडे ठेवायचं. नुरैनने अट घातली, "आई, तीन दिवसांत ती इथलं पोटभर जेवली तरच ठेवते. नुसत्या बिस्किटांवर नाही सोडणार."

"अगं, माझं रक्त आहे ते, हंडी चाटून पुसून ठेवेल!" असं म्हणून मेक सोम गावभर सांगून आली.

पहिल्या दिवशी मासळीची पेज केली. इनाराने ओठ घट्ट मिटले. दुसऱ्या दिवशी गोकर्णाच्या फुलांनी रंगवलेला निळा भात, वर भाजलेलं खोबरं. तो तिने मांजराच्या पाठीला लिंपला. तिसऱ्या सकाळी नारळाच्या दुधातला भात माझ्या कोंबड्यांना मिळाला. शहरची सून नावं ठेवेल म्हणून मेक सोमने पाहुण्यांचा चमचा काढला होता. तो जवळ आला की पोरगी मान फिरवायची.

दुपारी नुरैन बॅगा भरू लागली. मेक सोम स्वयंपाकघरात जमिनीवर बसली, हंडीत उरलेला भात थोड्या बुडूत कालवला आणि हाताने जेवू लागली. तिचे डोळे भरले होते. एवढ्यात इनारा दुडदुडत आली, आजीची बोटं धरून तोंडात घातली, चाटली आणि मोठ्ठा आ केला. एक घास, दोन, दहा!

"मेला चमचाच नडला!" मी चुलीजवळून ओरडले. "या घरात कधी कुणी चमच्याने जेवलंय का?"

नुरैन दारात उभी होती. "ठेवते तिला," ती म्हणाली आणि रडू लागली. "माझ्या हातून एकदाही अशी जेवली नाही हो."

आता मेक सोम ढोल बडवणार, असं मला वाटलं. तिने नातीकडे पाहिलं, मग सुनेला खाली ओढलं. "हात धू. बस. असं नाही गं, घास अंगठ्याने आत ढकलायचा."

नुरैनने वास सोसत घास पुढे केला. इनाराने तोंड उघडलं.

संध्याकाळच्या गाडीने मेक सोमने तिघांनाही लावून दिलं, इनारासकट. मी विचारलं, "बाई, जिंकली होतीस ना तू?"

"जिंकलेच होते. पण भूक लागली की पोरीला आई आठवायला हवी, मी नाही." एवढं बोलून ती माझ्या पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडली. मी तिच्याच बुडूत भात कालवून तिच्यापुढे ठेवला.