पहिल्याची सर

भुताच्या पिक्चरचा निकाल आमच्या घरात मी देते. ह्यांना त्यातलं काही कळत नाही, ते थिएटरच्या गारव्यात झोपतात. मुलीला नको तितकं कळतं. म्हणून पिक्चर संपून दिवे लागले की दोघांनी माझ्याकडे बघायचं आणि मी म्हणायचं, "पहिल्याची सर नाही." गेली कित्येक वर्षं मी हेच म्हणत आले, आणि एकदाही खोटं बोलले नाही.

पिक्चर सगळे एकाच बाईचे. एका घराच्या तळघरात एक बाई असते. दिसत नाही, नुसती असते. पहिल्या भागात एवढंच होतं आणि तेवढ्यानं माझी बोबडी वळली होती. तो चालला म्हटल्यावर दुसरा आला, त्यात ती दिसली. तिसऱ्यात तिचं लहानपण दाखवलं, बापानं कसं छळलं वगैरे. चौथ्यात तिला बहीण निघाली. पाचव्यात ती बोटीवर गेली. तळघरातली बाई बोटीवर काय करते ते मला विचारू नका. सहावा तर आठवतही नाही. अहो, भुताचा एवढा बायोडेटा दिलात तर ते भूत राहतं का? विहीणबाई होते! तरी आम्ही मायलेकी प्रत्येक भागाला गेलो. दुधाची तहान ताकावर.

यंदा सातवा आला, आणि त्यातले आवाज माझ्या मुलीनं केले होते.

सगळे नाही, ती कुणाच्या तरी हाताखाली आहे. पिक्चरमधलं दार करकरतं, पाऊल वाजतं, ते मागाहून कुणीतरी बसून बनवतं, हे मला तिच्यामुळे कळलं. चांगली डेटा ॲनालिस्टची नोकरी होती, इन्शुरन्स होता, जर्सी सिटीत स्टेशनच्या शेजारी अपार्टमेंट होतं. ती नोकरी सोडून पोरगी दारं करकरवायला बसली. हे तर दोन दिवस तोंड उघडून बोलले नाहीत. मी बोलले, ते इथे लिहीत नाही.

आता आठव्या भागासाठी तिला बोलावणं होतं, या वेळी जास्त मोठं काम. जुन्या ऑफिसनंही परत ये म्हटलं होतं. दोघांनाही सोमवारी उत्तर हवं होतं. शुक्रवारी तिचा फोन आला.

"आई, उद्या मॅटिनीला चल. तू घाबरलीस तर मी आठव्याची सही करते. नाही घाबरलीस, तर आय ॲम डन. ऑफिसला परत."

"अगं, हे माझ्या गळ्यात का बांधतेस? जगात माणसं काय कमी आहेत?"

"तू खोटं बोलत नाहीस म्हणून."

खरं आहे. मी कौतुकही करत नाही. पोरांचं तोंडावर कौतुक करू नये, दृष्ट लागते, असंच आम्ही ऐकत वाढलो. शाळेत तिला बक्षीस मिळालं तर मी म्हणायचे, "बरं आहे, हातपाय धू." तिच्या मैत्रिणींच्या आया दूध सांडलं तरी "ग्रेट जॉब" म्हणायच्या. पोरगी बिचारी शोधत असायची माझ्या तोंडावर काहीतरी. दचकण्याला मात्र दृष्ट लागत नाही. आणि मनात नसताना दचकता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रात्रभर मला झोप नाही. घाबरायचं कसं, याची काळजी करत जागी राहणारी बाई या अमेरिकेत मी एकटीच असेन.

सकाळी तिला प्रिन्स्टन जंक्शनवरून घेतलं, घरी आणलं, चहा टाकला. आलं किसून घालणाऱ्या बायका मला पटत नाहीत. आलं कुटायचं असतं. माझा लोखंडी खलबत्ता मी पहिल्या खेपेला बॅगेत घालून आणला, त्याच्या वजनापायी दोन पातेली काढून ठेवली. दोन ठोके, मग कडेला चिकटलेलं आलं बत्त्यानं खरवडायचं, परत दोन ठोके. लाकडी घरं ही, एका टोकाला कुटलं की दुसऱ्या टोकाला भिंत वाजते. त्या दिवशी पोरीनं चहा घोटभर घेतला आणि कप ठेवून दिला. माझ्या हाताकडे बघत होती. मला वाटलं, टेन्शन.

मी गाडी काढली. मला पहिला भाग आठवत होता. तेव्हा ती तेरा वर्षांची. एवढ्या मुलीला न्यायचा तो पिक्चर नव्हे, मला काय कळत नव्हतं? पण त्या हिवाळ्यात ह्यांची नोकरी गेली होती. व्हिसा नोकरीवर, नवी मिळाली नाही तर बिऱ्हाड उचलून परत. हे दिवसभर फोनवर, कधी वकील, कधी रिक्रूटर. घर नुसतं अंगावर यायचं. एका दुपारी पोरीला उचललं आणि मिळेल त्या पिक्चरला नेऊन बसवलं. तळघराच्या दारामागून नुसता श्वास ऐकू आला, आणि मी अशी किंचाळले की पॉपकॉर्न पुढच्या माणसाच्या टकलावर! पोरगी खो खो हसली, कितीतरी आठवड्यांनी. पुढे ह्यांना नोकरी मिळाली, आम्ही राहिलो. पण तसं किंचाळणं परत काही झालं नाही.

थिएटरात ती माझ्या डावीकडे बसली आणि पिक्चर सुरू झाल्यावर पडद्याकडे बघेचना.

"समोर बघ की."

"मला पाठ आहे."

नखं तोंडात, डोळे माझ्यावर. आता सांगा, अशानं कुणाला भीती वाटेल? आरशात मागे कुणीतरी उभं राहिलं, मला आधीच कळलं होतं. कपाटातून मांजर उडी मारून आलं, तेही कळलं होतं. पुढच्या रांगेतली पोरं ओरडत होती आणि मी ढिम्म. अर्धा पिक्चर संपला. मी घड्याळ बघायला लागले. माझ्या लेकीनं सगळं पणाला लावलं होतं आणि माझ्या अंगावर काटा यायला तयार नव्हता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, इथे मी ब्रह्मराक्षसाला बोलावत होते आणि तो येत नव्हता. खोटंच ओरडावं का? तोंड उघडलंसुद्धा. पण तिला कळणार नाही असं थोडंच आहे? आणि कळलं तर पुन्हा माझ्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवेल? मी तोंड मिटलं.

मग तो सीन आला. पडद्यावरची लहान मुलगी पांघरुणात. घर शांत. संगीत नाही, काही नाही. आणि खालून, लाकडाच्या आतून आल्यासारखे, ठक्, ठक्. मग खर्रर्र. मग परत ठक्, ठक्. थांबेचना. पुढच्या रांगेतली पोरं गप्प झाली. माझ्या उजवीकडे बसलेल्या कुणा काकूंनी खुर्चीचा हात धरला. ठक्, ठक्, खर्रर्र. एकदम आवाज थांबला, आणि अख्खं थिएटर किंचाळलं.

मी सोडून. मला चहाची तल्लफ आली होती. खांदे सैल पडले, बरं वाटलं, आणि मग लक्षात आलं, अगं बाई, हा तर माझा खलबत्ता! मला हसू फुटलं. अंधारातही ते पोरीला दिसलं. तिनं मान फिरवली आणि उरलेला सगळा वेळ पडद्याकडे बघत बसली.

गाडीत बसलो. तिनं पट्टा लावला.

"इट्स ओके, आई. सोमवारी ऑफिसला हो सांगते."

"थांब. माझं ऐकून घे."

"यू स्माइल्ड. सगळे ओरडले आणि तू हसलीस. मी त्या एका सीनवर किती आठवडे घालवलेत..."

"हसणार नाही तर काय! माझा खलबत्ता चोरलास की नाही? सांग. कधी केलंस रेकॉर्ड?"

"दिवाळीत. फोन पोह्यांच्या डब्यामागे ठेवला होता."

"बघ! घरचं भूत घरच्यांना कसं भिववणार? सगळ्यांना ते भूत वाटलं, मला वाटलं आता चहा येणार. एवढंच. त्यात तुझं काही चुकलं नाही."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती काचेतून बाहेर बघत राहिली. मी गाडी सुरू केली नव्हती.

"तेव्हा चहा यायचा नाही, आई."

"कधी?"

"बाबांचा जॉब गेला होता त्या विंटरला. फोन वाजला की तू कुटायला घ्यायचीस. मी वर माझ्या खोलीत. ठोके यायचे, यायचे, यायचे. आल्याला एवढा वेळ लागत नाही. मग एकदम थांबायचे. मी वाट बघायची, आता तू बोलावशील चहाला. तू बोलवायची नाहीस. मी खाली यायची, तर गॅस पण पेटवलेला नसायचा." ती म्हणाली, "मला माहीत असलेला सगळ्यात स्केअरी आवाज आहे तो. म्हणून घातला."

मला वाटायचं, पोरीला काही ऐकू जात नाही. हे वकिलाशी बोलतात ते तिच्या कानावर पडू नये म्हणून तर मी कुटत होते. जेवढं बोलणं चालेल तेवढं कुटायचं. खलात आलं असायचं की नसायचं, देव जाणे. पोरीनं ह्यांचं बोलणं नाही, ते सगळं कुटणं ऐकलं. इतकी वर्षं कानात ठेवलं.

"आणि पहिला पार्ट एवढा ग्रेट नव्हता," ती म्हणाली. "मी परत पाहिला, दोनदा. ऑर्डिनरी आहे. आपण आधीच घाबरलेल्या होतो. दॅट्स ऑल."

मी गाडी सुरू केली. तिचा निर्णय झाला आहे, हे मला तिच्या हाताच्या घडीवरून दिसत होतं.

ह्यांनी दार उघडलं आणि नेहमीचं विचारलं, "काय मग? पहिल्याची सर आहे का?"

"चहा टाकते," मी म्हटलं आणि आत गेले.

पाणी ठेवलं. आल्याचा तुकडा धुतला, खलात टाकला. बाहेर ह्यांचा फोन वाजला, कुणाचा होता कोण जाणे, हे हलक्या आवाजात बोलायला लागले. मी बत्ता उचलला. आणि हात वरच राहिला.

वरच्या खोलीत तेरा वर्षांची पोर पांघरूण ओढून पडली आहे आणि ऐकते आहे, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे काय, मी छताकडे बघितलंसुद्धा. मानेपासून मनगटापर्यंत सर्रकन काटा आला. माझ्याच स्वयंपाकघरात, भर दुपारी, चहाचं पाणी उकळत असताना मी इतकी घाबरले की मला तो बत्ता खाली आणता येईना.

"आई?"

पोरगी दारात उभी होती. माझ्या तोंडाकडे बघत होती. लहानपणापासून बघते तशीच.

मी बत्ता हळूच ओट्यावर ठेवला. आवाज होऊ दिला नाही.

"सोमवारची वाट कशाला बघतेस," मी म्हटलं, "आजच करून टाक आठव्याची सही. आणि आज सगळ्यांनी बिनआल्याचा चहा प्यायचा."