हिरड्यांवरचं जेल

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, घरात कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतेय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

मी मुळातच संशयी. दूधवाला जरा जास्त गोड बोलला तरी मला वाटतं, आज पाणी घातलंय. मग आठ महिन्यांची ईरा दिवसभर ज्यांच्या हाती, त्या मंजुळाअक्कांना कशी सोडेन? त्या निपाणीकडच्या, बंगळूरातच के. आर. पुरमहून आमच्याकडे व्हाइटफील्डला यायच्या. मराठी बोलणारी बाई मिळाली म्हणून सासूबाई खूश. मी मात्र त्यांची पिशवी चाचपायचे. ही गुपचूप बाळगुटी तर उगाळत नाही ना? पोरगी इतकी शांत झोपते कशी? शेवटी हॉलमध्ये कॅमेरा बसवला. अक्कांना सांगून बसवला, बरं का — एवढी मी सरळ!

ईराला दात येत होते. नुसती किरकिर. अक्का गार ओलं फडकं चघळायला द्यायच्या आणि म्हणायच्या, स्वल्प रडू दे की, ताई. मला कुठला धीर? माझं ऑफिस घरूनच, मीटिंगवर मीटिंग. तोंड आलं की लावायचं, बधिर करणारं जेल मी मेडिकलमधून आणलं होतं — स्वतःसाठी. कुणी चिठ्ठी मागितली नव्हती. त्या सकाळी ते तिच्या हिरड्यांना लावलं. रडली, पुन्हा लावलं. अक्का स्वयंपाकघरात गेल्या की पुन्हा. चार वेळा? पाच? गुटीच्या नावानं खडे फोडणारी मी, त्या ट्यूबवरचं एक अक्षर वाचलं नव्हतं.

दुपारी तिचे ओठ राखाडी-निळे पडले. मान टाकली. ते आधी अक्कांनीच पाहिलं.

हॉस्पिटलात नवरा खाली फॉर्म भरत होता, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंना मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, इतक्या लहान बाळाला हे लावायचंच नसतं, यानं रक्ताला ऑक्सिजन नीट पोचवता येत नाही. ईरा वाचली. नवरा वर आला आणि मी म्हणाले — अक्कांनी माझं तोंडाचं जेल लावलं असणार.

कसं आलं तोंडातून? सहज आलं. इतके महिने मी त्यांच्यावर संशय घेत होते, घरात कुणाला नवलही वाटलं नाही.

घरी आल्यावर आम्ही त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या भांडल्या नाहीत. दारात चपला घालताना एवढंच बोलल्या, "ताई, कॅमेऱ्यात बघा की."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, तो त्या दिवशी बंद होता.

बंद नव्हता. ॲप माझ्याच फोनवर होतं. हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी तो दिवस पुसला होता. पुसण्याआधी पाहिला. ईराच्या तोंडात प्रत्येक वेळी माझंच बोट. आणि प्रत्येक वेळी, जेल लावण्याआधी, मी मान वळवून बघतेय — अक्का येत नाहीत ना?

ईरा आता शाळेत जाते. सासूबाई अजून आल्यागेल्याला बजावतात, बायांच्या भरवशावर मूल टाकू नका, आमच्याकडे काय झालं ठाऊक आहे ना. मी तिथेच असते. चहा गाळत असते.