पोळ्याच्या दिवशी मागितलेली पराणी

मुलांनो, परवा तुम्ही कुठून तरी तो जुना गाण्याचा व्हिडिओ शोधून काढलात आणि फोनवर ओरडलात, "आजी, मागे निळ्या साडीत तूच ना?" हो, मीच. त्या दणदणाटात तुमची आजी कशी पोचली, हे ड्रमवाल्या मास्तरांना ओळखल्याशिवाय कळणार नाही. म्हणून आजच लिहायला बसले.

मास्तरांना कुत्र्यामुळे शाळेत उशीर व्हायचा. नांदेडला ते आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. त्यांच्या स्कूटरच्या सावलीत एक गावठी कुत्रं झोपे. ते आपणहून उठेपर्यंत मास्तर डबा धरून उभे. मी घड्याळ दाखवलं की म्हणत, "मॅडम, झोपलेल्याला उठवणारे आपण कोण?"

"भूमितीचे शिक्षक," मी म्हणे.

मूळचे लातूरचे, ख्रिस्ती. रविवारी सकाळी चर्च, दुपारी मित्रांसोबत मेटल बँड. ड्रमवर गोधडी टाकून जिन्यातून विचारत, "मॅडम, थोडा गोंगाट करू?" गाणी येशूची, पण गाणारा असा गुरगुरे की एक शब्द कळत नसे. तरी मी शाळेत इंग्रजी शिकवते म्हणून मास्तर गाण्यांचं इंग्रजी माझ्याकडून तपासून घेत.

"अहो, ऐकणाऱ्याला कळतंय कुठे?"

"देवाला कळतं ना, मॅडम. त्याच्यासमोर चुका नकोत."

एकदा त्यांनी जनावरांवरच्या जुलमाविरुद्ध गाणं केलं. त्याच्या व्हिडिओचा शेवट एकाच दृश्यावर होता: बैलाला टोचायची, टोकाला खिळा बसवलेली पराणी. कॅमेरा मागून आणलेला, एका दिवसापुरता. दृश्य मिळालं नाही तर सगळी मेहनत अर्धवट राहणार. मुखेडजवळ माझ्या माहेरचे शेतकरी अप्पा होते. मी शब्द टाकला. सगळ्यांना सुट्टी म्हणून मास्तरांनी पोळ्याचा दिवस निवडला आणि मीही मान डोलावली. शेतकऱ्याघरच्या मुलीला हे सुचू नये!

अप्पांचा बैल पवळ्या शिंगं रंगवून, झूल पांघरून, पुरणपोळी खाऊन उभा होता. मास्तरांनी हात जोडून पराणी मागितली.

"अक्का, कुठली मानसं आनली ही?" अप्पा माझ्यावरच घसरले. "मास्तर, सन हाय आज. आज जू न्हाई, पराणी न्हाई. शिकल्याली मानसं, अन पोळ्याला पराणी मागायलेत!"

मास्तर ओशाळले. कॅमेरा पिशवीत ठेवत त्यांनी अगदी सरळपणे विचारलं, "चुकलं, अप्पा. कॅमेरा आणखी एक दिवस मागून घेतो. मग उद्या चालेल?"

अप्पांची बायको दारातून म्हणाली, "सांगा की! उद्यापासून टोचायला मोकळं, म्हना."

"तू गप गं."

अप्पा पवळ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. झूल जिथे संपत होती, तिथे मांडीवर टोचल्याचे जुने व्रण होते. मग ते गोठ्यात गेले, पराणी आणली, पकडीने खिळा उपटला आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवला.

"घ्या, हे काढा फोटूत. पर तुमचं गाणं हितं वाजवू नगा, बैल बुजल माझा."

व्हिडिओचा शेवट तोच झाला. मागे निळ्या साडीत मी, आ वासून.

पुढे मास्तर नागपूरला गेले. निघताना कुत्रं उठेपर्यंत सामानाचा टेम्पो थांबवून ठेवला होता. बँड मोडला. पवळ्या म्हातारा होऊन अप्पांच्या गोठ्यातच गेला. आता तिथे दुसरा बैल आहे. पराणी तीच आहे, खिळ्याविना.