पाव्हणं जेवतंय

“हळू बोला, पाव्हणं जेवतंय.”

पंपहाऊसच्या दारात कुणी मोठ्यानं हाक मारली की काका ओठांवर बोट ठेवून डोळे मिचकावत असं म्हणायचे. पाव्हणं म्हणजे जावई. आणि काकांचा हा जावई म्हणजे जमिनीखालच्या विहिरीत बसवलेला सांडपाण्याचा पंप.

नगरमधली आमची वस्ती नाल्याच्या काठी, उतारावर आहे. सगळ्या घरांचं सांडपाणी आणि पावसाचं पाणी त्या विहिरीत जमतं. पंप ते उचलून वरच्या मोठ्या गटारात टाकतो. पंप थांबला की पाणी मोऱ्यांतून उलटं घरात येतं. सगळ्यात आधी आमच्या, कारण आमचं घर सगळ्यात खाली. माझी पुस्तकं आईनं कायम वरच्या फळीवर ठेवली. घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. लिहायची सवय नाही, मागंपुढं झालं तर समजून घ्या.

अशा ठिकाणावरून तुम्हीही नाक दाबून गेला असाल. मीही जायचो. पण जरा थांबलं तर दिसायचं: विहिरीच्या तोंडाशी उभ्या गजांची लोखंडी जाळी, आणि तिच्यापुढं लांब दांड्याचं दाताळं घेतलेला एक किडकिडीत माणूस. जाळीला अडकलेल्या चिंध्या, पिशव्या, केसांचे पुंजके, नारळाच्या शेंड्या काका वर ओढून काढायचे. एखादी चिंधी आत निसटली तर पंपाच्या चाकाला गुंडाळते आणि मोटर जळते. काकांच्या भाषेत, “पाव्हण्याच्या घशात अडकतं.”

वस्तीतल्या बायकांना ते दारातूनच टोमणा मारायचे.

“वहिनी, आज पाव्हण्याला पायपुसनं वाढलं व्हय?”

“आमचं नाही हो ते!”

“मग लाल गोंड्याचं कुनाचं हाय? जपून ठिवलंय, या घिऊन.”

वहिनी पदरात तोंड लपवून आत पळायच्या.

काका राजूरकडचे. बायको वारली होती. एकच लेक, पुणतांब्याला दिलेली. नोकरीबरोबर मिळालेली पंपाशेजारची खोली, हेच तिचं माहेर. काकांना रजा नव्हती, कारण त्यांच्या जागी उभं राहायला दुसरा माणूस नव्हता. ठेकेदार “बघू” म्हणायचा. काका पिशवी घेऊन फाटकाबाहेर दिसले की वस्तीतलं कुणीतरी विचारायचंच, “काका, कुठं निघालात? आभाळ आलंय.” ते एकदा वर बघायचे आणि परत फिरायचे. तसा वस्तीचा त्यांच्यावर जीव होता. सणाला घराघरांतून ताट जायचं. “पोळ्या घालून बांधून ठिवलंय मला,” असं म्हणून ते हसायचे.

त्या वर्षी धोंड्याचा महिना पावसाळ्यात आला. काकांनी लेक-जावयाला जेवायला बोलावलं. स्वयंपाक माझ्या आईनं केला. मी डबे घेऊन गेलो. खोलीत उदबत्त्यांचा नुसता धूर होता.

“वास येतोय का रं?” त्यांनी मला दारातच विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. येत होता.

जावई पाटावर बसले. लेक वाढत होती आणि अधूनमधून बापाकडं बघून हसत होती. काका तुपाची वाटी घेऊन उभे. “घ्या पाव्हणं, आनखी एक धोंडा घ्या.” वर कुठंतरी जोराचा पाऊस झाला असावा. भिंतीपलीकडं पंपाचा आवाज एकाएकी जड झाला. खालच्या घरात राहणाऱ्याला तो आवाज कळतोच. काकांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग वाटीकडं.

“आलोच. पाव्हण्याच्या घशात अडकलं,” म्हणाले, आणि वाटी माझ्या हातात देऊन पळाले.

जावयांचा घास हातातच राहिला. “कुनाच्या घशात?”

लेकीनं सांगितलं. सांगताना तिला हसू आलं, तेच वाईट झालं.

गादीची अख्खी खोळ जाळीतून ओढून काका परतले तेव्हा जावई चपला घालत होते. “मामा, तुमचं पाव्हणं कोन ते आधी ठरवा. मग बोलवा.” लेक मुकाट्यानं त्यांच्यामागं निघाली. काकांचे हात कोपरापर्यंत घाणीनं माखलेले. जाताना तिच्या पाठीवरून हातही फिरवता आला नाही.

त्या दिवशी आमच्या मोरीतून पाणी आलं नाही.

पुढं पुणतांब्याहून निरोप आला, लेकीला माहेरी न्यायचं तर बापानं स्वतः यावं. पुणतांबा काही लांब नाही. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी परत येतो. मी एकदा धीर करून म्हणालो, “काका, मी थांबतो जाळीवर. तुम्ही या जाऊन.”

त्यांनी दाताळं माझ्यापासून लांब धरलं. “न्हाई. हे एकदा हातात घेतलं की सुटत न्हाई. मी बी चार दिसांसाठीच धरलं हुतं.”

दिवाळी गेली, संक्रांत गेली. लेक आली नाही. “पाव्हणं रुसलंय,” काका म्हणायचे, आणि कुठलं ते कुणी विचारायचं नाही.

मग ठेका बदलला. साखळीवर फिरून आपली आपण साफ होणारी जाळी आली. तिचं बटणांचं कपाट बसवायला काकांची खोली लागणार होती. आता काका सुटले, असं मला वाटलं. पण खोली गेली तसं त्यांना राहायला ठिकाणच उरलं नाही. राजूरलाही त्यांचं असं कुणी नव्हतं. शेवटी लेकच येऊन त्यांना घेऊन गेली. वस्ती फाटकापर्यंत पोचवायला आली. आभाळ भरून आलं होतं, पण तसं कुणी म्हणालं नाही.

परीक्षा झाल्यावर मी पुणतांब्याला गेलो. काका ओसरीवर खाटेच्या अगदी कडेला बसले होते, कुणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता यावं तसे. अंगात पांढरा स्वच्छ सदरा. लेकीनं आम्हा दोघांना पाणी दिलं आणि ती आत वाढायला गेली. काकांनी पेला बराच वेळ हातात धरून ठेवला.

“लेकीच्या घरचं पानी बी पीत नव्हती आमच्याकडची मान्सं,” ते हलकेच म्हणाले, आणि प्याले.

मग उठून मोरीशी गेले. तिथल्या छोट्या जाळीला भाताची शितं अडकली होती. ती बोटांनी वेचून त्यांनी बाजूला टाकली, हात धुतले आणि पुन्हा खाटेच्या कडेला येऊन बसले. मला राहवेना.

“काका, नगरला या ना!” माझा आवाज चढला. “सगळे आठवण काढतात. नवी जाळी सारखी...”

आत ताटाचा आवाज झाला. काका दचकले. त्यांनी दाराकडं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. डोळे मात्र मिचकावले नाहीत.

“हळू बोल,” ते म्हणाले. “पाव्हणं जेवतंय.”