गच्चीच्या कठड्यातलं भोक

दशरथचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. कामगारांच्या कॅम्पात चाळीस माणसांत चार न्हाण्या, आणि साडेचारला सखीरच्या साइटवर नेणारी बस. तो गुहागरकडचा गवंडी. बहरीनमध्ये मी त्याच्यासोबत अकरा वर्षं काम केलं. ओळंबा लावल्याशिवाय त्याने ब्लॉक बसवला नाही, दुसऱ्यालाही बसवू दिला नाही.

हमद टाउनबाहेरच्या आमच्या कॅम्पाची गच्ची सपाट, भोवती गुडघाभर कठडा. पाणी जायला चार तोट्या. वरची टाकी भरून वाहिली की तोटीतून पाणी खाली कंपनीच्या साहेबाच्या गाडीवर पडायचं. टाकी भरली की पाणी बंद करणारा फ्लोट बिघडला होता, तो बदलायचं काम अर्ध्या तासाचं. ते सोडून फोरमन महमूदने तोट्या बुजवायला सांगितल्या.

दशरथने थापी खाली ठेवली. "पाऊस आला तर पानी किधर से जाएगा?"

"ये बहरीन है, दशरथभाई. तेरा कोकण नहीं."

सगळे हसले. तोट्या मी बुजवल्या. वीतभर खोल सिमेंट ठासलं, एकही पोकळी ठेवली नाही. काम चोख केलं, त्याचीच आज चीड येते.

दोन वर्षांनी अरबी समुद्रातलं वादळ ओमानवर फुटलं आणि त्याचा उरलेला पाऊस आमच्यावर आला. सकाळी सखीरचा रस्ता पाण्याखाली. बस निघालीच नाही. नऊच्या सुमारास वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्लॅबमधून पाणी ठिबकू लागलं. रात्रपाळीची बारा माणसं तिथे झोपली होती.

आम्ही दोघं गच्चीवर धावलो. पाणी पोटरीपर्यंत आलं होतं. दशरथने पहार घेऊन पहिल्या तोटीवर घाव घातले. सिमेंट हललं नाही.

"कोणी ठासलंय हे?" त्याला माहीत होतं. "मेल्या, एरवी अंगचोरी करतोस. त्याच दिवशी बरा कामाला आलास! जा, माणसं उठव."

मी उठवायला गेलो. वरून घणाचे आवाज येत होते. तो कठडाच फोडत होता. अंगणातून महमूद ओरडला, "दीवार मत तोड! नीचे साहब की गाडी है!"

"तो गाडी हटा! मेरे को टाइम मफी, टाइम नहीं!"

गाडी कुणी हटवली नाही. चावी साहेबाकडे, आणि साहेब आदल्या संध्याकाळी गाडी इथेच ठेवून घरी गेला होता. शेवटचा माणूस मी दंडाला धरून बाहेर काढला तेव्हा त्याच्या खाटेवर छताचा पोपडा पडला, परातीएवढा. तेवढ्यात कठडा फुटला. पाणी आणि चार ब्लॉक गाडीवर गेले. स्लॅब वाचला.

तिसऱ्या दिवशी साहेबाने दशरथला ऑफिसात बोलावलं. बारा माणसांचं नाव नाही. विचारलं एवढंच, कंपनीची भिंत कुणाच्या परवानगीने फोडली? तोट्या बुजवल्याबद्दल मला कुणी एक शब्द विचारला नाही. मी आपणहून सांगितलं. महमूद म्हणाला, "खलास, छोड."

दशरथला भोक बुजवायला लावलं. त्याने कठडा बांधला, ओळंबा लावून, आणि तळाशी चार इंची पाईप ठेवला.

"पाईप किसने बोला?" महमूदने विचारलं.

"दीवार तुम्हारी. पाईप मेरा."

त्याच्या दोन महिन्यांच्या पगारातून पैसे कापून साहेबाच्या गाडीची काच आणि बॉनेट झालं. हाती आलं त्यातून त्याने जिदहफ्सच्या बाजारात तो पाईप घेतला होता, आणि टाकीसाठी एक फ्लोट. मी निम्मे पैसे पुढे केले.

"ते ठेव," तो म्हणाला. "शिडी धर."

फ्लोट बसायला वीस मिनिटं लागली.