रेषेजवळची खुर्ची

आमच्या कराडच्या कबड्डी मंडळाचा हंगामी पास घेणं म्हणजे जावई करून घेण्यासारखं होतं. फरक इतकाच, की जावई वर्षातून एखाद्या वेळी रुसतो, मंडळ दर आठवड्याला रुसायचं. दिवाळी झाली की खेळाडूंचा घोळका नारळ आणि गुलाबी पुठ्ठ्याचा पास घेऊन आमच्या दारात यायचा आणि वडिलांच्या पाया पडायचा. तिथून शिमग्यापर्यंत आमची सायकल, आमच्या म्हशीचं दूध आणि वडिलांची प्रत्येक संध्याकाळ मंडळाच्या मालकीची. संघ जिंकला तर पोरांनी जिंकला. हरला की, "हवालदार, तुमी मदीच उटून गेला, तितंच वारं फिरलं बगा." वडील फौजेतून हवालदार होऊन आलेले. घरी कुणाचं एक अक्षर ऐकून घेत नसत, पण हे बोल मान खाली घालून ऐकायचे. मला त्या पोरांचा राग यायचा आणि वडिलांचा त्याहून जास्त.

पासवाल्यांना एक मान मात्र होता. मैदानाच्या रेषेला लागून त्यांची रांग असे. खुर्ची ज्यानं त्यानं आपल्या घरची आणायची. हंगामाच्या सुरुवातीला ती मंडळाच्या खोलीत जायची, ती शिमगा झाल्यावरच परत यायची. मधे घरी न्यायची म्हणजे मंडळाशी संबंध तोडल्यासारखं धरत. आमच्या घरात हातांची, वेताच्या बैठकीची एकच खुर्ची. ती गेली की आई पाहुण्यांना घोंगडं अंथरायची आणि म्हणायची, "टेका. आमची खुर्ची आन खुर्चीवाला, दोगंबी मैदानात हायती."

मी प्राथमिक शाळेत नुकतीच नोकरीला लागले होते त्या वर्षी, हंगाम निम्म्यावर आला असताना, वडील गेले. सकाळी अंगणात भिंतीला पाठ टेकून चहा घेत होते. आई कप न्यायला आली तेव्हा कप रिकामा होता आणि वडीलही नव्हते. इतकंच. ना आजार, ना हाक.

दिवसकार्य झालं आणि घर एकदम मोठं झालं. आईला रडू येत नव्हतं. ती घरभर काहीतरी शोधत हिंडायची. एक दिवस म्हणाली, "घरात कुटंच न्हाईत गं ते. अंथरूण दिलं, कापडं दिली. त्यांची बसायची जागाच न्हाई घरात, तर येतील कशाला? ती खुर्ची आण."

मी शाळा सुटल्यावर मैदानावर गेले. सामना चालू होता आणि रेषेजवळ आमची खुर्ची मांडलेली होती. तिला झेंडूचा हार घातला होता. चढाईला जाणारा प्रत्येक जण आधी वाकून तिच्या हाताला शिवत होता आणि मग मध्यरेषेकडे जात होता. मी कडेला उभी राहून बघत राहिले. एक गृहस्थ उशिरा आले, पुढच्या रांगेतून आपल्या जागेकडे निघाले. आमच्या खुर्चीसमोर आल्यावर ते कमरेत वाकले आणि तसेच वाकून पुढे गेले. बसलेल्या माणसाच्या नजरेच्या आड येऊ नये म्हणून वाकतात ना, तसे. चहावाल्यानं रांगेत सगळ्यांना चहा दिला आणि एक पेला आमच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सामना संपल्यावर कॅप्टनला गाठून खुर्ची मागितली. तो घामेजलेला, हसरा, पण हे ऐकून गंभीर झाला. "ताई, हवालदार गेल्यापासनं आमी एक सामना हरलो न्हाई. ते बसल्यात तितं. काकीस्नी सांगा, हंगाम झाला की मी सवता डोक्यावरनं आणून देतो. पर मदी उटवायला नगा लावू."

मी चिडून घरी आले आणि सगळं आईला सांगितलं. मला वाटलं, ती त्यांना चार शिव्या देईल. ती चूल फुंकायची थांबली. "चा ठेवत्यात त्यांच्या म्होरं?" तिनं विचारलं.

पुढच्या सामन्याला ती निघाली. वडील जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि मैदान तर तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. भाऊबंदांत कुजबुज होणार हे उघड होतं. पदर डोक्यावरून घेऊन, तो गुलाबी पास मुठीत धरून ती पुढे आणि मी मागे. दारावरच्या माणसानं पास बघितला, हात जोडले, आत सोडलं. ती सरळ खुर्चीकडे गेली. बसणार, तोच कॅप्टन धावत आला.

"काकी, तितं नगं."

"पास हाय माझ्याकडं."

"पास हाय व. पर ती जागा भरलीया."

हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं, की आई मागे सरकली. देवळात चुकून कुणाला पाय लागावा तशी ओशाळली. बायकांसाठी लांब मागे ताडपत्री टाकली होती, तिथे आम्हाला नेऊन बसवलं. चहा दिला, विचारपूस केली, मान ठेवायला काही कमी केलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मेलेल्या माणसाला पुढची जागा आणि त्याच्या जित्या बायकोला ताडपत्री. मी पुटपुटत होते. आई समोर बघत होती.

घरी येताना ती म्हणाली, "तितनं पाठ दिसती त्यांची."

"आई, खुर्ची रिकामी होती."

"तुला दिसली असंल."

मग ती एकही सामना चुकवीना. खेळातलं तिला अक्षर कळत नव्हतं. कोण कुणाला का धरतं हेसुद्धा तिनं कधी विचारलं नाही. सगळा वेळ खुर्चीच्या पाठीकडे बघायची आणि घरी येऊन सांगायची, की आज जरा वाकून बसलं हुतं, आज दमल्यागत वाटलं. मी ऐकून घ्यायचे. खरं सांगायचं तर एकदा, ऊन उतरताना धुळीचा लोट उठला, तेव्हा मलाही त्या खुर्चीत खांदे दिसले. मी डोळे चोळले नाहीत. दिसू दे म्हटलं.

अखेरचा सामना सांगलीच्या संघाशी होता. आमचा संघ हरला, आणि थोडक्यात नव्हे, धू धू धुतला. शेवटच्या चढायांना पोरं खुर्चीला शिवायचीही विसरली. सामना संपला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "मेलेलं माणूस किती दीस पुरनार, गड्या?" आणि दोघंतिघं हसले. आई उठून उभी राहिली होती. पोरांनी खुर्च्या गोळा करताना आमचीही उचलली, इतर खुर्च्यांसारखीच, पाय वर करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन आणि दोन खेळाडू दारात आले. खुर्ची डोक्यावरून आणली होती, शब्द पाळला होता. हार काढलेला, सुतळी तेवढी पाठीला अडकून राहिलेली. अंगणात ठेवून कॅप्टन आईची नजर चुकवत म्हणाला, "काकी, ही तुमची अमानत. फुडल्या साली रांग जरा बदलायची म्हंतोय."

आई ओट्यावरून उतरली. खुर्चीभोवती एक फेरी मारली, वेतावर हात फिरवला, बैठकीवर तळवा दाबून धरला. अंथरुणात तापलेल्या लेकराला चाचपावं तशी ती खुर्ची चाचपत होती. आता बसेल, आता रडेल, म्हणून मी दार धरून उभी होते. इतके दिवस मी त्याचीच वाट बघत होते.

"ह्यात कोन न्हाई रं, बाळा," ती म्हणाली.

मग ती पोरांकडे वळली.

"खुर्ची तेवडी उचलून आनलीत. त्यांना उटा म्हनला हुता का कुनी?"

कॅप्टननं मान हलवली. कुणीच म्हटलं नव्हतं.

"मग ते आता तितं हुबं असतील."

त्या आडदांड पोराच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं, आणि इतकी वर्षं जपलेला माझा राग कुठं ठेवावा हे मला कळेना. आईनं पदरानं खुर्ची पुसली, सुतळी सोडवली आणि दोन्ही हातांनी ती त्याच्याकडे सरकवली.

"घिऊन जा," ती म्हणाली. "रेषंजवळ न्हाई तर न्हाई, मागं कुटंबी मांड. पर आत्ताच्या आत्ता जा."

तो खुर्ची डोक्यावर घेऊन जवळजवळ पळतच गेला. मी आईला म्हटलं, "तुलाच हवी होती ना गं ती?"

"हवी तर हायच," ती म्हणाली, आणि घोंगडं झटकून भिंतीशी अंथरायला लागली.